भाचीच्या शाळेतल्या उड्या

तीर्थरूप अक्कास धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

तू बरी असशील, भाऊजींचा खोकला गेला असेल (गेला नसेल तर औषधाची बाटली त्यांनी पुन्हा कुंडीत रिकामी केली असणार, झाडाची तब्येत बघ) असं धरून चालतो. माझ्या तब्येतीची विचारपूस करू नकोस. ती तुझ्या मुलीने घालवली. पोरीला एवढं शिकवलंस, आणि त्या शिक्षणाचं तिने काय केलं ते तुला कुणीतरी सांगायलाच हवं. भाऊजी सांगणार नाहीत, ते तिला घाबरतात.

झालं असं, की तिच्या बालवर्गातल्या मदतनीस बाईंचा पाय मुरगळला. कशाने? तर मुलांना 'वर' आणि 'खाली' हे शब्द शिकवताना! आपण हे शब्द शिकलो तेव्हा कुणाचं हाड हललं नव्हतं. इथे त्यासाठी स्टुलावर चढून उडी मारावी लागते. मग तुझी मुलगी गोड आवाज काढून म्हणाली, "मामा, थोडेच दिवस या ना." मी उभी हयात हायस्कुलात गणित शिकवलं. माझी चप्पल वाजली की दहावीची दांडगी पोरं श्वास रोखायची. त्यामानाने ही शेंबडी पोरं म्हणजे किस झाड की पत्ती, असं समजून मी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि गेलो.

अक्का, त्या खोलीत बाक नाही, फळा नाही. टेबल आहे ते माझ्या गुडघ्याखाली, आणि खुर्च्या अशा की मी बसलो तर खुर्चीसकटच उठेन. फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे चौकोन, एकापासून दहापर्यंत. कपाटात बरण्यांची झाकणं, दोऱ्याची रिकामी रिळं, बटणं, आणि एका ताटात वाळू. मी विचारलं, हे भंगार न्यायला माणूस कधी येतो? तर ते म्हणे शिकवण्याचं साहित्य! वाळूत बोटाने 'ग' काढायचा, पॉलिशपेपरच्या 'म'वरून बोट फिरवायचं (सुतार दाराला घासतो तो कागद गं, त्याची अक्षरं कापली आहेत!), म्हणजे अक्षर हातातून डोक्यात जातं. माझ्या डोक्यात ती डोळ्यांतून गेली आणि आजतागायत तिथेच आहेत. हाताने मी जेवतो.

पहिल्याच दिवशी सगळी मला आजोबा म्हणू लागली. मी बजावलं, आजोबा नाही, सर. पुढचा मुलगा निमूट बाजूला सरकला. मी आवाज चढवून म्हणालो, "सर म्हणायचं, सर!" तशी अख्खी रांग सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटली आणि शेवटचा रडायला लागला, कारण त्याला सरायला जागाच उरली नव्हती. तुझी मुलगी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती. असो. आजोबा तर आजोबा.

मग मी तिला सांगितलं, तू बाहेर जा, शिकवणं कशाला म्हणतात ते मी दाखवतो. मुलांना मांडी घालून बसवलं, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि बेरीज म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजावू लागलो. एक मुलगा आडवा झाला. दुसऱ्याने तिसऱ्याचे बूट घालून पाहिले. एका मुलीने हात वर केला. मला वाटलं, शंका असेल. ती म्हणाली, "आजोबा, तुमचे दात निघतात का?" (एकच निघतो, आणि तो मी दाखवला नाही.) बघता बघता वर्गाचा बाजार झाला. तेव्हा तुझी मुलगी आत आली, तिने नुसत्या दोन टाळ्या वाजवल्या, आणि सगळी पोरं बेडूक होऊन आपापल्या चौकोनात जाऊन बसली. शिस्त बेडकांना असते, माणसांना नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

या सगळ्या गोंधळात एक झुबकेवाली होती. डोक्यावर कारंज्यासारखा झुबका, पोटाशी दप्तर, आणि तोंडाला कुलूप. वर्ग सुरू झाल्यापासून तिने इथे एक अक्षर उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी तिचे वडील आले. म्हणाले, "बाई, घरी हिचं तोंड बंद होत नाही आणि इथे उघडत नाही. नुसत्या उड्या मारून काय होणार? उद्याचा दिवस बघतो, नाहीतर दुसरीकडे घालतो. तिथे वह्या तरी भरून घेतात." मी मागून म्हणालो, अगदी बरोबर बोललात. तुझी मुलगी आत गेली आणि रंगांप्रमाणे लावून ठेवलेली रिळं पुन्हा रंगांप्रमाणे लावत बसली. खरं बोललं की लोकांना लागतं, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी खेळ होता. डब्यातून मूठभर झाकणं काढायची, मोजायची आणि तितके चौकोन पुढे उडी मारायची. मोठ्यांनीही खेळायचं, असा तिचा नियम. मी चारवर होतो, झाकणं तीन निघाली. मी चष्मा सावरून जाहीर केलं, चार अधिक तीन बरोबर सात, आणि निघालो. पाच झालं. सहा झालं. सातवर पाय टेकला, पण देह थांबायला तयार नव्हता. तो सरळ आठवर गेला आणि तिथे बसला. शर्टाचं बटण उडालं. तेवढ्यात भिंतीजवळून झुबकेवाली उठली, दप्तर खाली ठेवलं (ते खाली ठेवलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं), माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आठवर बसलात! सातवर या!"

मी म्हणालो, "अगं, मी घसरलो."

"रडू नका," ती म्हणाली. "परत चारपासून. मी मोजते."

आणि मोजलं, अक्का. तिने मोजलं आणि मी उड्या मारल्या, सात येईपर्यंत. तुझी मुलगी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. (शिक्षिकेने वर्गात रडू नये, हे तिला तूच सांग.) संध्याकाळी वडील आले, तर ही त्यांचा हात ओढून म्हणाली, "बाबा, त्या आजोबांना येत नाही. उद्या मला लवकर यायचंय." वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिशात बटण शोधू लागलो. शाळा बदलण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही.

यावरून ती पद्धत बरोबर ठरते, असं मुळीच नाही. घसरणं वेगळं आणि चुकणं वेगळं. मी चुकलो नव्हतो. तुझ्या मुलीला चार समजुतीचे शब्द लिही. खडू, फळा आणि बाक यांना पर्याय नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मदतनीस बाई सोमवारी परत येणार म्हणतात. मुरगळलेल्या पायाची घाई करू नये, निदान परीक्षांपर्यंत तरी (बालवर्गाला परीक्षा नसतात, पण त्यांना ते सुचणार नाही), असं तू मुलीला परस्पर कळव. मी सांगितलं म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. पुढच्या आठवड्यात एका पायावर उडी मारून जागच्या जागी वळायचं आहे. गच्चीवर करून पाहिलं. वळतो, पण भलतीकडे. तू लहानपणी हे झकास करायचीस. मात्र पत्रातून समजावू नकोस, असल्या गोष्टी लिहून कळत नाहीत. तू येच, आणि करून दाखव.