शपथेवाचून

खंडेराव गेट, झाशी

चि. नारायणास आशीर्वाद,

कोर्टात गीतेवर हात ठेवायला तू नकार दिलास, तेव्हा मी कीर्तनकार बाप लाजेने मान खाली घालून बसलो. तुझ्याआधी रेल्वेच्या दोन बाबूंनी गीतेची शपथ घेऊन अपघाताचं खापर सांधेवाल्या रामदीनवर फोडलं होतं. तू म्हणालास, "देव मानत नाही, पण खरं सांगतो. सांधा बदलायचा हुकूम साहेबांचा होता."

रामदीन सुटला, तुझी रेल्वेतली नोकरी गेली. देव मानत नाहीस म्हणून मीच तुला घराबाहेर काढलं होतं, त्यामुळे हे पत्र टपालात टाकायला हात धजत नाही.

काल रामदीन आला. "पंडितजी, भैया किस देवता को पूजते हैं?"

"किसी को नहीं," मी म्हणालो, आणि हे सांगताना मला प्रथमच अभिमान वाटला.

तुझा बाप,
अनंतराव