दिवाणाखाली

चि. सौ. गरिमा हिस आशीर्वाद.

तू मुरारला माहेरी गेलीस तेव्हापासून आपला बिट्टू दिवाणाखाली बसून असतो. सौरवची मोटारसायकल दाराशी थांबली की जागच्या जागी लघवी करतो. मग सौरव त्याचा पट्टा धरून ओढतो आणि म्हणतो, "कुत्रं आहेस की ससा?"

शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. पटाख्यांना घाबरतो, असं सांगितलं. ते म्हणाले, "माताजी, पटाखे तो अभी कोई नहीं चला रहा." मी चहा टाकायला आत निघून गेले.

त्यांनी सांगितलं तसं करते आहे. बिट्टूकडे पाठ करून जमिनीवर बसते, पोळीचा तुकडा मागे ठेवते, हाक मारत नाही. काल तो आपण होऊन आला आणि माझ्या पदरावर डोकं टेकून झोपला. तेवढ्यात मोटारसायकल वाजली. पुन्हा दिवाणाखाली.

ज्याची भीती वाटते ते आधी लांब ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. पोटच्या पोराला कुठे लांब ठेवू? तुझे सासरेही असेच होते. मला दिवाणाखाली शिरता येत नव्हतं, एवढंच.

येऊ नकोस, हे फोनवर सांगणार होते. पण माझा फोन सौरव बघतो, आणि पत्र टाकायलाही त्याच्याच हाती द्यावं लागतं.

लपलेल्याला ओढून काढू नका, असं डॉक्टर जाताना बजावून गेले. उद्या तुला आणायला घरची चार माणसं येताहेत. तुझ्या ओटीचे खण-नारळ मीच बांधून देते आहे, हे पत्र खणाच्या घडीत घालून.

तुझी सासू,
वनमाला