चुकून मारलेली हाक

ती. आईस,

हातातलं काम ठेवून वाच. मी मजेत आहे, खरंच. वसतिगृहात या आठवड्यात भांड्यांची पाळी माझी, पस्तीस ताटं! एका जागी बसवत नाही, म्हणून मैत्रिणीचीही पाळी मीच उरकते. तुझा खोकला थांबला का? ताई लिहिते, आवाज पार बसलाय.

काल फजिती झाली. ताटं घासता घासता मी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "आई, साबण संपला!" पोरी खो-खो हसल्या. स्वयंपाकाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आतून नुसती "ओ" दिली.

तेव्हा बरं वाटलं, आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. रागावू नकोस. सुट्टीत फाटकातूनच हाक मारीन. घसा बसलेला असला, तरी ओ तूच दे.

तुझीच,
चुळबुळी