खड्ड्याची टेकडी

लोणार, मंगळवार संध्याकाळ, १९६४

आज साडूला आडवा केला. सर्वेच्या साहेबाला विमानातून काढलेले फोटो वाचायला एकच माणूस ठेवायचा होता. मी, नाहीतर माझा साडू नामदेव. दोन फोटो शेजारी ठेवून जोडभिंगातून पाहिले की लोणारचा खड्डा खरोखर खोल दिसतो. फोटोंची अदलाबदल केली तर त्याच खड्ड्याची टेकडी होते. नामदेवचा डावा डोळा अधू असल्याचा मला संशय होता. म्हणून मीच फोटो उलटे लावले.

तो वाकला. "खड्डा दिसते जी. लय खोल."

साहेबानं स्वतः पाहिलं, हसला. "दोन्ही डोळे धड असतील त्याला इथे टेकडी दिसते."

टेकडी! नामदेव चिडेल वाटलं होतं. त्यानं डावा डोळा झाकला, उघडला, मग मलाच हळूच विचारलं, "म्हंजे तुमाले सारं असं उठून दिसते? रोजच? मले वाटलं, सगळ्यांले माह्यासारखंच सपाट दिसते."

"हाव," मी म्हणालो. "तुह्या पोरीलेबी दिसते."

तेव्हा चेहरा पडला त्याचा.

नोकरी मिळाली म्हणून खूश आहे का मी? छे. खूश आहे तो पडलेला चेहरा आठवतो, म्हणून.