समोरच्या दातातली खाच

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. रागावला असाल तर रागातच वाचा, पण वाचा. सोमवारी तुम्ही डेंटल कॉलेजात माझ्या पेशंटच्या खुर्चीवरून उठलात, गळ्यातला कागदी रुमाल ओढून काढलात आणि चहासुद्धा न घेता अमरावतीहून अकोटची एसटी गाठलीत. तेव्हापासून फोन उचलत नाही. शेजारच्या गंगूबाईंना दुकानात डोकावायला सांगितलं, तर म्हणाल्या, मशीनवर बसून हायेत, पण शिवून नाही राहिले. मग माझं इथे काय होत असेल? वाचायला बसते तर ओळ सरकत नाही, जेवायला बसते तर घास उतरत नाही. शनिवारी तुमच्या दातांवर ब्रॅकेट बसवायचे आहेत आणि तुम्ही येणार की नाही, एवढंच डोक्यात आहे.

भांडण कशाचं, तर खाचेचं! कैची हाताशी असताना तुम्ही जन्मभर दोरा दातानं तोडला, त्याची समोरच्या दातात खाच पडली. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवायची ती बारीक चौकट, तिच्यातून तार जाते. ती किती उंचीवर बसवायची हे दाताच्या कडेपासून मोजतात. कड झिजलेली असली की माप चुकतं, चौकट वर चढते, आणि तारेच्या ओढीनं तो दात शेजारच्यापेक्षा खाली उतरून बसतो. म्हणून मी म्हटलं, आधी खाच भरून घेऊ. झालं! सगळ्या पोरापोरींदेखत तुम्ही म्हणालात, हा दात माह्या धंद्याचा हाय, बुजवू नको. अन् मी काय नवरदेव बनून राहिलो काय? सगळे हसले. मलाही हसू आलं, पण राग जास्त आला. हट्टी तुम्ही, अन् लेक मी तुमचीच.

तर ऐका. खाच भरत नाही. तुमच्या दातांचा प्लास्टरचा साचा माझ्याजवळ आहेच. तोंडात घाईघाईनं एकेक चौकट लावण्यापेक्षा आधी साच्यावर लावायच्या, निवांत तपासायच्या, मग मऊ पट्टीत धरून सगळ्या एकदम दातांवर उतरवायच्या, अशी रीत आता सर शिकवतात. मी खाचेच्या बाजूचा शाबूत कोपरा धरून माप घेतलं. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. हात थांबेनाच. शेवटी सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, इतकं नेमकं बसलं तर इलाज चार-सहा महिने आधीच उरकेल. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र ते चार-सहा महिने बोटांवर मोजत बसले.

काहून, ते सांगते. परीक्षेला पेशंट मिळत नाही म्हणून मी तुम्हाला गळ घातली ना? ते खोटं होतं. पेशंट तर इथे रांग लावून असतात, बाबा. यंदाही कपाशी गेली, दिवाळीला कोणी कापड शिवायला टाकलं नाही, आणि रोज तुमच्या दुकानाच्या बाकावर बसणाऱ्या देवमनकाकांनी जीव दिला. तेव्हापासून तुम्ही बोलणंच सोडलं. आई असती तर तिनं तुम्हाला बोलतं केलं असतं. मला एवढंच सुचलं, की तारा लावल्या तर दर महिन्याला यावंच लागेल. समोर बसवून तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. फार भीती वाटते हो मला. चौकटी मी नेमक्याच बसवणार, मुद्दाम चुकवणं मला जमणार नाही. दात लवकर सरळ झाले तर होऊ देत. पण तारा निघाल्या तरी दर महिन्याला यायचं, नुसतं मला भेटायला. शनिवारी पहिल्या गाडीनं या. मी स्टँडवर उभी राहीन.

तुमचीच,
पायल