दोन थापा

४ एप्रिल

आज ड्वेन स्वयंपाकघराच्या दारात अडकला. सतरा मिनिटं! घड्याळ समोरच होतं म्हणून कळलं. पाय फरशीला चिकटलेले आणि वरचा देह पुढे जायला बघतोय. हात धरला तर खेकसला — "ओढू नकोस! मी काय घोडं आहे?" बत्तीस वर्षं लोकांच्या घोड्यांना नाल ठोकले याने. हजार हजार पौंडांच्या जनावरांचे पाय मांडीवर घेऊन बसायचा. आता स्वतःचा पाय उचलत नाही. शेवटी त्याच्यापुढे माझी चप्पल आडवी टाकली. ती ओलांडायची म्हटल्यावर पाय निघाला. कंपवात म्हणजे महाचावट रोग आहे.

दुपारी फिजिओकडे. त्या पोरीने त्याला मागच्या अंगणात नेलं आणि चक्क सायकलवर बसवलं. मी ओरडणारच होते. ती म्हणाली, "बघा तर." दोघींनी धरलं, पाय पॅडलवर ठेवून दिला, आणि गेला की! सरळ गेला, वळला, परत आला. ज्याला दार ओलांडता येत नाही तो! ती म्हणते, पुष्कळांचं असं होतं. चालणं जातं, सायकल राहते. का, ते मोठ्या डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही.

गाडीत बसून रडले. "आता काय झालं?" — ड्वेन. काही नाही म्हटलं, डोळ्यात कचरा गेला.

५ एप्रिल

सायकल घ्यायची. पण चालवणार कुठे? आपल्या रस्त्यावर खडी, बाजूला कालवा, समोरच्यांची दोन मोकाट कुत्री. नदीकाठची डांबरी वाट चांगली, पण ती सात मैलांवर. पिकअप गेल्या पानगळीतच विकली, त्याला चढता येईना म्हणून. राहिली माझी ही छोटी गाडी.

९ एप्रिल

गिलच्या दुकानात गेले. मी शाळेची बस चालवायचे तेव्हाचा गिल, सहा वर्षं तिसऱ्या बाकावर बसायचा. आता छातीपर्यंत दाढी आहे, तरी मला "मिस मार्ला"च म्हणतो. सायकल लगेच ठरली. मोटरची, मधला दांडा नसलेली, म्हणजे ड्वेनला पाय वर टाकावा लागायला नको. वजन साठ पौंड. बॅटरी काढली तर बावन्न.

पण ती न्यायची कशी? मला वाटलं टपावर टाकू. गिल हसला — "साठ पौंड डोक्यावर उचलणार तुम्ही? आणि एक दिवस वर सायकल आहे हे विसरून गॅरेजात शिराल. वर्षाला चारपाच जण येतात माझ्याकडे, मिस मार्ला, तोंड पाडून." बरं, मग डिकीला पट्ट्यांनी बांधू. "मोटरची सायकल? नावच काढू नका." राहिला हिचवरचा रॅक. गाडीच्या मागे खालून एक चौकोनी नळी बसवायची आणि रॅकचा दांडा तिच्यात खुपसायचा. त्यातही दोन जाती! एकात सायकल मधल्या दांड्याने टांगतात. आमच्या सायकलीला तो दांडाच नाही, तिथे निकाल लागला. दुसऱ्यात चाकं पन्हळीत उभी करायची, वरून आकडा दाबायचा, पट्टे आवळायचे. तोच घेतला. त्याला घडीची फळी मिळते, सायकल उचलायची नाही, ढकलत वर न्यायची.

"नळी दोन इंचीच बसवा," गिल म्हणाला. "सव्वा इंचीला जोड लावून देतो म्हणणारे भेटतील, ऐकू नका. जोड लावला की मागचं धूड डुलतं." सव्वीस वर्षं चाळीस फुटी बस चालवली मी, आणि हा मला डुलणं शिकवतोय! पण ऐकून घेतलं. बरोबरच होतं त्याचं.

१६ एप्रिल

रॅक बसला. आधी खडखड वाजत होता. गिलने आतला बोल्ट आवळला तसा गप्प झाला. पिन घातली, कुलूप लावलं. दिसतं कसं! गाडीला मागून चार फुटांचं शेपूट फुटलंय.

केंड्राचा डेन्व्हरहून फोन. "आई, बाबांना सायकलवर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं, "तो दारात पुतळा होऊन उभा राहतो ते चालतं का तुला?" तिने फोन ठेवला. लेक माझीच, चिडणार कशी नाही!

२३ एप्रिल

पहिली फेरी!

त्याची नवी आणि माझी जुनी, दोन्ही सायकली चढवल्यावर मागचं काही म्हणजे काही दिसेना. काच झाकलेली, कॅमेऱ्यासमोर चाक. मी हात टेकले. ड्वेन म्हणाला, "मी आहे ना." आणि हळूहळू जाऊन मागच्या कोपऱ्यात उभा राहिला. आमची घोड्यांच्या ट्रेलरची जुनी पद्धत. मी स्टिअरिंगवर, तो मागे, पत्र्यावर तळहात. एक थाप — थांब. दोन थापा — ये. ओरडायचं नाही, ओरडलं की घोडी बुजतात. एवढ्या वर्षांत ट्रेलरवर एक ओरखडा नाही. केंड्रा लहान असताना मी तिला सांगायचे, तुझा बाप थापा मारतो म्हणून आपलं चाललंय.

दोन थापा. मागे आले. दोन थापा. आणखी आले. एक — थांबले. फाटकाला हातभर जागा ठेवून बाहेर! किती महिन्यांनी तो मला काही सांगत होता आणि मी मुकाट्याने ऐकत होते. एरवी सगळं उलटंच चालतं आता.

नदीकाठी कॉटनवुडच्या झाडांना पालवी फुटलीय. ड्वेन पुढे, मी मागे धापा टाकत. मागे वळून न बघता ओरडला — "चल की गं म्हातारे!" मला मेलीला इतकं बरं वाटलं!

१४ मे

आठवड्यातून तीनदा जातो. आता सगळं हाताला पाठ झालंय. फळी लाव, ढकल, आकडा दाब, पट्टे ओढ. मग सायकल धरून गदागदा हलवायची. सगळी गाडी हलली तर बरोबर, सायकल एकटी हलली तर पुन्हा आवळायचं. उजवा खांदा रोज ठणकतो. ड्वेनला सांगितलेलं नाही.

२ जून

अकरा मैल! घरी आल्यावर बुटाचे बंद स्वतः सोडले त्याने.

११ जुलै

पार्किंगमध्ये ड्वेन त्याची सायकल फळीवर चढवत होता. वेळ लागतो, लागू दे. तेवढ्यात शेजारच्या गाडीतले दोघे धावले — "सर, सोडा, आम्ही घेतो." चांगली माणसं होती बिचारी. एका दमात चढवली, पट्टेही आवळले. मी थँक यू म्हणाले. ड्वेन गाडीत जाऊन बसला.

सीटबेल्ट त्याचा त्याला लागत नाही, मीच लावते. आज लावायला वाकले तर म्हणाला, "आता मलाही गदागदा हलवून बघ. मीही तुझं सामानच."

मी म्हटलं, "मग चालत ये घरी!" तोंडातून निघून गेलं. जीभ का झडली नाही माझी?

१९ ऑगस्ट

सायकलवरही अडकला. पॅडल मारता मारता पाय मध्येच थांबले, तसाच आडवा झाला. कोपर सोलपटलं. मी काहीच झालं नाही असं दाखवलं, त्यानेही तेच केलं. दोघंही नाटकी.

२ सप्टेंबर

पुन्हा पडला.

१२ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सायकल बंद. हाड मोडलं तर परत उठणं कठीण. ड्वेनने विचारलं, "मग राहिलं काय?" त्या म्हणाल्या, "हल्ली चाकाच्या खुर्च्या फार चांगल्या मिळतात." एक ठेवून द्यावीशी वाटली. पण चूक नव्हती त्यांची.

येताना ड्वेन खिडकीबाहेर बघत होता. आपल्या फाटकाशी आल्यावर म्हणाला, "एकदा ने. शेवटचं." मी हो म्हटलं. केंड्राला कळवलेलं नाही, कळवणारही नाही.

२५ सप्टेंबर

लिहवत नाही.

२७ सप्टेंबर

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सोमवारी नेलं. पाच मैल चालवली, एकदाही अडकला नाही, पडला नाही. बाकावर बसून सँडविच खाल्लं, शेवटचे पीच खाल्ले, हनुवटीवरून रस ओघळत होता. मी पुसायला गेले तर "राहू दे" म्हणाला. पाण्याकडे बघत बसला. "झकास झालं, मार्ल." मला वाटलं, डॉक्टर गेले खड्ड्यात, पुढच्या आठवड्यात पुन्हा आणते.

सायकली मी चढवल्या. पार्किंगच्या कडेने कमरेएवढे दगड टाकलेत. पुढे कुणी तरी लांबलचक व्हॅन आडवी लावलेली. म्हणजे चाक पुरतं वळवून मागे घ्यायला हवं. ड्वेन मागच्या कोपऱ्यात गेला. मी इंच इंच घेत होते. थाप ऐकली. पाय ब्रेकवर गेलाच होता, एवढ्यात दुसरी थाप. दोन म्हणजे ये. आले.

चाक वळलेलं असलं की रॅकचं टोक गाडीच्या बाहेर फिरतं. ते टोक आणि दगड यांच्यामध्ये ड्वेन होता. काहीतरी नरम लागलं. मला वाटलं, झुडूप. ड्वेनने तोंडातून आवाज काढला नाही. व्हॅनवाली बाई किंचाळली तेव्हा कळलं.

खुबा आणि मांडी. मी केलं हे. मी.

२९ सप्टेंबर

शस्त्रक्रिया झाली. सहा तास. शुद्धीवर आलाय, बोलत नाही.

बाहेर बसल्या बसल्या आज डोक्यात उजेड पडला. त्याचा हात! एक थाप मारायला गेला, हात थरथरला, दोन झाल्या. तो थांब म्हणत होता! टेबलावर कप एकदा ठेवला की चारदा वाजतो त्याचा. पाच महिने मी त्या हाताच्या थापा मोजत होते आणि मला एकदाही सुचलं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सुखरूप घरी सोडली. स्वतःच्या माणसाच्या वेळी अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

६ ऑक्टोबर

पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं. सभ्यपणे बोलले. सभ्यपणा नको वाटतो.

केंड्रा आलीय. भांडी घासते, कपडे घड्या करते, माझ्याशी बोलत नाही. आज म्हणाली, "डॉक्टर नको म्हणाले होते ना? मग?" काय सांगू? त्याला हवं होतं, म्हटलं. "त्याला हवं होतं!" — असं म्हणून बाहेर गेली.

तिला थापांचं सांगितलं. हाताचंही. तिने तोंड झाकून घेतलं, मग आली आणि माझ्या शेजारी बसली. पहिल्यांदाच.

२० ऑक्टोबर

ड्वेनला शुश्रूषागृहात हलवलं. उभं राहणं आता नाही, असं स्पष्टच सांगितलं त्यांनी. खुर्चीत बसवतात, पट्टा लावतात. खिडकीशी ठेवतात. बोलतो ते एवढंच — पाणी, नको, बरं.

मी रोज जाते, रोज तेच म्हणते. मला कळायला हवं होतं, माफ कर. तो रोज खिडकीकडे बघतो. शिव्या तरी घाल रे मला!

२८ ऑक्टोबर

गिल रॅक काढायला आला. माझ्याने त्याला हात लाववत नव्हता. पिन काढली, ओढला, निघेना. दांडा वाकलाय. हातोडा घेऊन पाऊण तास ठोकत होता. मी पायरीवर बसून ऐकत होते.

जाताना माझ्यापुढे उभा राहिला. डोळे लाल. "मिस मार्ला, पट्टे एकदम बरोबर आवळले होते तुम्ही." दुसरं काय बोलणार बिचारा. मी म्हटलं, "बाळा, नीट गाडी चालव."

९ नोव्हेंबर

आज पुन्हा म्हटलं — तुझा हात थरथरतो, ड्वेन, मला कळायला हवं होतं. खिडकीवरून नजर काढली त्याने.

"हात थरथरला नाही, मार्ल. दगड मागे होता, ठाऊक होतं मला. दोनच मारल्या मी."

आधी वाटलं, थाप मारतोय, मला बरं वाटावं म्हणून. मग त्याने माझ्याकडे बघितलं. अठ्ठेचाळीस दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. तो चेहरा खोटं बोलत नव्हता.

केंड्राला काय सांगू?

माझ्या हातून, ड्वेन? माझ्या हातून?