पिन माझ्या हातात होती

बमरोली, सुरत
२० जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप हेमराजमामा,

चेतनचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे आता बरे असतील. आई ठीक आहे, तुमची आठवण काढते. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसलो.

रविवारच्या आपल्या पक्षाच्या सभेचं तुमच्या कानावर आलंच असेल. आमच्या गल्लीतून मी पन्नास मुलं आणणार होतो. सहा आली. बाकीची सगळी मागच्या मैदानात जमली होती. तिथे उखाबाबांची लेक चंचल आणि तिचे मित्र गाणार होते. त्याला रॅप म्हणतात, तालावर भराभर बोलत जायचं. थोडं अहिराणी, थोडं गुजराती, थोडं हिंदी. ही मुलं कुठल्याच पक्षाचा गमछा घालत नाहीत. पोटासाठी मिलमध्ये जातात आणि सुट्टीच्या दिवशी त्या मिलविषयीच गाणी रचतात.

वॉर्डप्रमुख आशिषभाईंनी मला नुसतं बघून यायला सांगितलं. मी गेलो. तिसरं गाणं चालू असताना लाईट गेली आणि कार्यक्रम थोडा वेळ थांबला.

इथवर लिहून मी उठलो होतो. परत बसलो. मामा, लाईट गेली नव्हती. मागच्या बोर्डातून स्पीकरची पिन मी काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

उखाबाबा तुम्हाला ठाऊक आहेत. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, आता काहीच ऐकू येत नाही. ते पुढे बसून स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकवून लेकीचं गाणं हाताने ऐकत होते. ती त्यांच्यावरच गात होती, ‘मना बापले ऐकू येत नही.’ मी पिन काढली, तेव्हा थांबलेलं सगळ्यात आधी त्यांना कळलं. त्यांनी हाताकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं, “बंद का पडनं?”

मग त्यांनी त्याच हाताने खोक्यावर थाप मारायला सुरुवात केली. खटक, खटक, लूमचा ताल. आमच्या गल्लीत तो शिकवावा लागत नाही. आधी पुढच्या बायकांनी टाळ्या धरल्या, मग पोरांनी, मग भिंतीवर बसलेल्यांनी. चंचल माईकशिवाय गायला लागली आणि तिचा शब्दन् शब्द मला शेवटच्या रांगेत ऐकू आला. सभांमध्ये टाळ्या वाजवायला सांगत मी सहा वर्षं फिरलोय. टाळी इतकी मोठी असते हे मला माहीत नव्हतं. मी पिन हातात घेऊन उभा राहिलो.

गाणं संपल्यावर चंचल माझ्यापाशी आली. पिन तिने बघितली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मग तुम्ही नक्की कुणाचे?

ती म्हणाली, “मत देऊ ना, चेतनभाऊ. पण आमची मतं आधीच मोजून कुणाला देत जाऊ नको.”

काल समोरच्या पक्षाचा माणूस आला. त्याला ते गाणं प्रचाराच्या गाडीवर हवं होतं. चंचलने त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मी तिथेच होतो. रविवारी जे केलं ते उखाबाबांना सांगायला गेलो होतो. पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मला शेजारी बसवून घेतलं.

आज सकाळी युवा आघाडीच्या उपाध्यक्षपदाचं पत्र आशिषभाईंना परत देऊन आलो. दुसऱ्या पक्षात जात नाहीये. माझ्यासाठी तुम्ही गावाहून येऊन शब्द टाकला होता, तो माझ्यामुळे पडला. त्याबद्दल पाया पडतो. पण तुम्ही त्या मैदानात असता, तर तुम्हीही टाळी धरली असती असं मला वाटतं.

रागाचं का होईना, उत्तर पाठवा. तुम्हाला लिहिताना मी नावाखाली पद घालत होतो, तुम्हाला ते आवडायचं. आता नुसतं नाव.

तुमचा भाचा,
चेतन